पुराव्याला कुंकू

मी डिजिटल फॉरेन्सिक शिकवते. हे वाक्य आमच्या सोसायटीत पहिल्यांदा बोलले तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तोंडाला पदर लावला आणि विचारलं, "मग घरी आल्यावर आधी आंघोळ करता ना?" फॉरेन्सिक म्हणजे मढी, एवढं टीव्हीने लोकांना पक्कं शिकवलंय. मी म्हटलं, "काकू, मी माणसं फाडत नाही, कॉम्प्युटर उघडते." त्यांचा चेहराच पडला. पण दुसऱ्या दिवशी त्याच काकू जावयाचा मोबाइल घेऊन वर आल्या. त्याने पुसलेले मेसेज परत काढून द्या म्हणाल्या. जावई त्या वेळी त्यांच्याच हॉलमध्ये पोहे खात बसला होता.

माझा विषय तसा एका ओळीचा आहे. कॉम्प्युटर, मोबाइल, पेन ड्राइव्ह यांत कोणी काय केलं ते शोधायचं, आणि शोधताना आपण स्वतः काही बिघडवलं नाही हे दाखवता यायला हवं. यातला दुसरा भाग शिकवता शिकवता माझे केस पिकले. पहिल्या तासाला मी सगळ्या वर्गाला हात खिशात घालायला लावते. ज्यांना खिसे नाहीत त्यांनी पाठीमागे बांधायचे. मग टेबलावर एक बंद लॅपटॉप ठेवते आणि विचारते, "हा चोरीच्या प्रकरणातला लॅपटॉप. सगळ्यात आधी काय कराल?" दर वर्षी पुढच्या बाकावरून न चुकता उत्तर येतं, "चालू करून बघू." झालं! बंद सापडलेलं मशीन बंदच ठेवायचं, कारण चालू होताना ते स्वतःच्या पोटातल्या शेकडो फायली हलवतं आणि आधी काय होतं ते कायमचं झाकलं जातं. हे मी घसा फोडून सांगते. पोरं माना डोलवतात, वहीत लिहून घेतात आणि प्रॅक्टिकलला येऊन पहिलं बटण दाबतात.

पोरांना तरी काय बोलायचं? एकदा पोलीस ठाण्यातून एक हवालदार पुराव्याचा फोन घेऊन आले होते, तोही तांदळाच्या डब्यात घालून. फोन विहिरीत सापडला होता आणि त्यांच्या सौभाग्यवतींनी तांदळाचा उपाय सुचवला होता. वर ते अभिमानाने म्हणाले, "मॅडम, रोज सकाळी चालू होतोय का बघत होतो." मी त्यांना चहा पाजला. दुसरं काय करणार?

तर आता मूळ गोष्ट. आमचं कॉलेज नाशिकच्या बाहेर, द्राक्षबागांच्या कडेला आहे. आमचे विभागप्रमुख, त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणतात, निवृत्तीला टेकलेले, पांढरी सफारी, कपाळावर गंध. माणूस मनाने वाईट नाही. पण कॉम्प्युटरशी त्यांचं नातं सासऱ्याचं जावयाशी असतं तसं, मान द्यायचा आणि विश्वास ठेवायचा नाही. त्यांनी अंतर्गत परीक्षेचा पेपर टाइप करून विभागाच्या सर्व्हरवर एका फोल्डरमध्ये ठेवला. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तो पेपर पोरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरत होता. सरांनी फोल्डरला कुलूप घातलं नव्हतं, हे वाक्य विभागात सगळ्यांच्या मनात होतं आणि तोंडात कोणाच्याच नव्हतं.

सर्व्हरवर नोंद निघाली. जेवणाच्या सुट्टीत प्रोजेक्ट लॅबमधल्या कोपऱ्यातल्या मशीनवरून फाइल उघडली गेली होती. त्या वेळी मशीन शेवटच्या वर्षाच्या एका मुलीच्या नावाने चालू होतं. तिच्या प्रोजेक्टसाठी ते तिलाच दिलेलं होतं.

ही मुलगी माझी. म्हणजे माझ्या हाताखाली प्रोजेक्ट करणारी. वडील ओझरच्या विमान कारखान्यात कामगार, आई बालवाडीत शिक्षिका, घर सिडकोत. आमच्या पहिल्या तासाला हात पाठीमागे बांधून शेवटपर्यंत तसेच ठेवणारी एकटी तीच. बोलायला फटकळ. पुण्याच्या एका कंपनीने तिला आधीच नोकरी देऊ केली होती आणि वडिलांनी कॉलनीत पेढे वाटले होते. आता पेपरफुटीत नाव आलं तर कॉलेज वर्षासाठी काढून टाकणार, पदवी लटकणार आणि नोकरी गेलीच. बरं, त्यानंतर कुठल्या कंपनीत सिक्युरिटीचं काम मिळणार? चोराला वॉचमन कोण ठेवतं?

चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष उपप्राचार्य, तक्रारदार सर, तांत्रिक सदस्य मी, आणि स्थापत्य विभागाचे एक प्राध्यापक, जे प्रत्येक मीटिंगला बिस्किटं संपेपर्यंत तटस्थ असतात. पहिल्याच बैठकीत सरांनी हिशोब मांडून टाकला. "नाव तिचं, पासवर्ड तिचा, म्हणजे ती. यात फॉरेन्सिक कशाला पाहिजे?"

उपप्राचार्यांनी मुलीला विचारलं, "पासवर्ड कोणाला दिला होतास?"

"कोणालाच नाही, सर."

"कुठे लिहून ठेवला होतास?"

"नाही, सर. मॅडमनी शिकवलंय, लिहायचा नाही म्हणून."

मी कपाळ बडवून घ्यायची तेवढी राहिले. दुसरी एखादी असती तर म्हणाली असती, सगळ्या लॅबला माहीत होता. ही खरं बोलली आणि स्वतःच्याच गळ्यात धोंडा बांधून घेतला. फाइल उघडली गेली तेव्हा ती कॅन्टीनमध्ये होती म्हणे, पण साक्षीला एक मैत्रीण. मैत्रिणीची साक्ष सर झुरळासारखी झटकून टाकत होते.

मी भांडून एक गोष्ट मिळवली. म्हटलं, पेपर बहुधा पेन ड्राइव्हवर घालून नेला असेल, आणि त्याचा पुरावा मशीनच्या आत असतो. कुठलाही पेन ड्राइव्ह लावला की मशीन त्याची खूण आत ठेवून घेतं. मुलीने आपला पेन ड्राइव्ह आपण होऊन जमा केलाय. त्या वेळी लावलेला दुसराच कुठला निघाला तर ती सुटली. मशीन बंद अवस्थेत आहे, ते तसंच सील करा आणि दसऱ्याची सुट्टी संपली की सगळ्यांसमोर मी त्याची प्रत काढते. उपप्राचार्य म्हणाले, ठीक. मग मी स्वतः त्या मशीनच्या डब्याला कापड गुंडाळलं, दोरा बांधला, लाख ओतली, वर चौघांच्या सह्यांचे कागद चिकटवले आणि मशीन लॅबच्या कपाटात ठेवलं. किल्ली सरांकडे राहिली, कारण विभागातल्या सगळ्या किल्ल्या सरांकडेच राहतात. मी निश्चिंत मनाने सासरी देवळ्याला गेले.

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा असते. सासऱ्यांनी विळे, पांभर, फवारणीचा पंप मांडून हळदकुंकू वाहिलं. कांदे साठवायच्या चाळीसमोर ट्रॅक्टर धुऊन उभा केला, झेंडूचा हार घातला आणि दिराने किल्ली फिरवून इंजिन चालू केलं. बंद यंत्राची पूजा काय करायची? सगळे हात जोडून उभे, मीही उभी. छान धूर निघाला. मला त्यात काहीएक वावगं वाटलं नाही, हे विशेष.

तेवढ्यात फोन वाजला. विभागाच्या ग्रुपवर सरांनी फोटो टाकला होता, "आपल्या विभागातील शस्त्रपूजन" म्हणून, खाली हात जोडलेली चित्रं. लॅबमध्ये ओळीने सगळी मशीनं, प्रत्येकाला कुंकवाचं बोट, झेंडूचं फूल, मधे नारळ आणि पेढ्यांचा पुडा. आणि सगळ्यात पुढे, पाटावर, माझा सील केलेला डबा. कापड काढलेलं. लाख फोडलेली. डोक्यावर फूल. आणि शेजारचा मॉनिटर लख्ख चालू.

मी एवढ्या जोरात ओरडले की ट्रॅक्टर बंद करावा लागला. सासूबाई धावत आल्या. "काय झालं गं? कोन गेलं?"

"पुरावा गेला," मी म्हटलं.

"आपल्यातलं कोनी?"

मी तिथूनच सरांना फोन लावला. माझी जीभ तशी कोणाला भीत नाही, त्या दिवशी तर सुटलीच. "सर, तुम्ही सील फोडलंत? सह्या होत्या त्यावर! तुमची स्वतःची सही होती!"

"अहो मॅडम, वर्षातून एकदा तर येते खंडेनवमी," सर शांतपणे म्हणाले. "तेवढ्या एकाच मशीनला कपाटात कोंडून ठेवायचं? बरं दिसतं का ते? त्याने काय पाप केलंय?"

"आणि चालू कशाला केलंत?"

"बंद ठेवून पूजा कशी करायची?"

माझ्या डोळ्यांसमोर अजून ट्रॅक्टरचा धूर होता. सर पुढे म्हणाले, "लगेच बंद केलं हो. व्यवस्थित. तुम्ही आलात की नवीन लाख लावून घेऊ." मी फोन कापला आणि चाळीमागे जाऊन रडले. रागाने रडले आणि भीतीनेही. आता मी त्या मशीनमधून काहीही काढलं तरी कोणीही म्हणू शकणार होतं की मधल्या काळात त्याला हात लागलाय, यातलं काही धरू नका. मशीन बाद झालं की हातात काय उरत होतं? सर्व्हरवरचं तिचं नाव. तेवढंच.

सुट्टीनंतर उपप्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. आवाज खाली आणला. "मॅडम, मी फोटो ग्रुपवरून काढायला लावलाय. तुम्ही अहवालात लिहा, सील शाबूत होतं. तुमचंही काम होईल, मुलीचंही भलं होईल, सरांची निवृत्ती सुखाने पार पडेल. कोणाचं काय बिघडतंय?"

खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. चांगला झाला. सील शाबूत म्हटलं की पेन ड्राइव्हचा पुरावा निघाला तर तो टिकला असता आणि पोरगी सुटली असती. पण उद्या हाच अहवाल कोणी उघडला, तो फोटो तर पन्नास जणांच्या मोबाइलमध्ये पडलेला, तर माझ्याबरोबर तीही बुडणार. मी तिला बोलावून सगळं खरं सांगितलं. म्हटलं, सील फुटलंय आणि मी ते लपवणार नाही, त्याने तुझं नुकसान होण्याची शक्यता आहे.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही खोटं लिहिलंत तर मी तुमच्याकडे काय शिकले?" आणि मग तिचा आवाज फाटला. "पण मी नाही केलं हो ते." तिने दुपट्ट्याने नाक पुसलं आणि गेली. मला त्या क्षणी सरांचा, झेंडूच्या फुलांचा आणि स्वतःच्या विषयाचाही संताप आला.

बैठक झाली. मुलगी आणि तिचे वडील समोरच्या खुर्च्यांवर. वडील कारखान्याच्या गणवेशातच आले होते, पहिल्या पाळीहून थेट. बिस्किटांची बशी आली. सरांनी सुरुवातीलाच टोमणा मारला. "चौकशी चालू असताना विद्यार्थिनी सुट्टीत गावाला निघून गेली, याचीही नोंद घ्यावी. पूजेला सगळा विभाग होता. या नव्हत्या."

ती पूजेला नसणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिचं घर बौद्ध. दसऱ्याला ते लोक नागपूरला दीक्षाभूमीवर जातात, दर वर्षी जातात. आणि हे ठाऊक असण्याची विभागातली तऱ्हा, ते एकमेकांकडे बघून किंचित हसणं, मला कधीच आवडलेलं नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात उपप्राचार्य म्हणाले, "मॅडम, अहवाल."

मी अहवाल वाचायला घेतला. सील फुटलं, हे पहिलंच वाक्य. उपप्राचार्यांनी डोळे मिटून घेतले. मग मी नियमाप्रमाणे, ज्याच्या ताब्यात वस्तू होती त्याला विचारायचे प्रश्न विचारू लागले. हे प्रश्न मी पोरांकडून पाढ्यांसारखे पाठ करून घेते. त्यात काही हुशारी नसते. यातून काही निघेल अशी मला तिळमात्र आशा नव्हती, उलट प्रत्येक उत्तराने मशीन आणखी बाद होत होतं.

"सर, मशीन कपाटातून कोणी काढलं?"

"मी."

"सील कोणी फोडलं?"

"मीच. स्वच्छ मनाने." सरांनी मान ताठ केली.

"चालू कोणी केलं?"

"मीच. उजव्या हाताने."

"पासवर्ड कोणी टाकला?"

"कसला पासवर्ड?" सर वैतागले. "बटण दाबलं, आलं. तिचं नाव आलं, मागे तो डोंगराचा फोटो आला, मग मी कुंकू लावलं. मशीनला काही विचारायची वेळच आली नाही."

स्थापत्यच्या प्राध्यापकांचं बिस्किट चहात तुटून पडलं. मला आधी कळलंच नाही. मग एकदम कळलं. मी परत विचारलं, हळू, एकेक शब्द सुटा करून, "सर, म्हणजे तुम्ही बटण दाबलंत आणि मशीन तिच्या नावाने आपोआप उघडलं?"

"मग काय खोटं सांगतो का मी?" म्हणता म्हणता सर थांबले. त्यांच्या कपाळावरचं गंध आक्रसलेलं मला दिसलं.

"त्या दिवशी मी नागपूरच्या गाडीत होते, सर," मुलगी म्हणाली. "माझ्या नावाने मशीन तुम्ही उघडलंत."

मग सगळं भराभर बाहेर आलं, तेही सरांच्याच तोंडून. पावसाळ्यात बाहेरून इन्स्पेक्शनला मंडळी आली होती. पाहुण्यांसमोर मशीन अडायला नको म्हणून सरांनीच लॅब असिस्टंटला सांगून सगळ्या प्रोजेक्ट मशीनचे पासवर्ड काढायला लावले होते. पाहुणे काजू खाऊन गेले, असिस्टंट दुसऱ्या कॉलेजात लागला आणि परत पासवर्ड घालायचं राहून गेलं. शिपाईमामा रोज सकाळी सगळी मशीनं चालू करून ठेवायचे. मुलगी यायची तेव्हा तिचं मशीन उघडंच असायचं आणि तिला वाटायचं, काल आपणच बंद करायला विसरलो. महिनोन्महिने त्या कोपऱ्यात येणारा जाणारा कोणीही तिच्या नावाने काहीही करू शकत होता. पेपर कोणी फोडला ते आजतागायत कळलेलं नाही. पुढे प्रत काढली तेव्हा मशीनमध्ये एका अनोळखी पेन ड्राइव्हची खूण निघाली, पण ती कोणाची ते कळलं नाही, आणि नंतर कोणाला ते शोधायचा उत्साहही राहिला नाही.

उपप्राचार्यांना हायसं वाटलं होतं. त्यांनी कारकुनाला बोलावून निकाल सांगायला सुरुवात केली. "सदर विद्यार्थिनीस संशयाचा फायदा देऊन..."

"फायदा नको, सर," मुलगी उठून म्हणाली.

"अगं, तू सुटलीस. काय लिहिलंय त्याने काय फरक पडतो?"

"संशयाचा फायदा म्हणजे संशय आहेच ना, सर. तो कागद मी कंपनीत दाखवायचा? मी काही केलेलं नाही, तेवढं लिहा."

वडिलांनी तिच्या हाताला हात लावला, बस म्हणून. तिने हात सोडवून घेतला नाही, पण ती बसलीही नाही, उभीच राहिली. उपप्राचार्य म्हणाले, "समितीची भाषा ठरलेली असते." मी तोफ डागायला तोंड उघडलं होतं, खरंच, नोकरी गेली तरी चालेल अशी तयारी झाली होती.

तेवढ्यात सरांनी कारकुनाच्या हातातून कागद ओढला. खिशातलं पेन काढलं, लिहिलेली ओळ खोडली आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहू लागले. लिहिताना ओठ हलत होते, म्हणून आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. "विद्यार्थिनीने काहीही केलेले नाही. मशीनचा पासवर्ड माझ्या सांगण्यावरून काढलेला होता. तिच्यावर आरोप मी केला, तो चुकीचा होता." खाली सही केली. मी पाण्याचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला. इतके दिवस ज्या माणसाला मी मनातल्या मनात शिव्या घालत होते त्याच्यासाठी सरकवला, याचा मला भयंकर राग आला.

सरांनी कागद तिच्यापुढे केला. "वाच, बाळ."

तिने बसून नाही, उभ्यानेच वाचला. एकेक ओळ, बोट ठेवून. वडील तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. आम्ही सगळे थांबलो होतो, उपप्राचार्यसुद्धा. वाचून झालं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज अगदी कोरडा होता.

"सर, खाली तारीख राहिली."

सरांनी कागद परत घेतला आणि तारीख घातली.